वरचा मजला रिकामा ठेवणारा माणूस

गल्लीत त्याला सगळे डबलबेल म्हणत. कागदोपत्री त्याला चांगलं नाव होतं, पण पेन्शनच्या खिडकीपलीकडे ते कुणी वापरत नसे. उभा जन्म बसमध्ये कंडक्टर म्हणून गेला. एकदा घंटी मारली की गाडी थांबते, दोनदा मारली की सुटते, हे त्याच्या इतकं अंगात मुरलं होतं की घरातही एखादं बोलणं आवरायचं असलं की तो बोटाच्या पेराने टेबलावर दोनदा टकटक करायचा. म्हणजे विषय संपला, चला पुढे. बायको होती तोवर ती म्हणायची, "माझ्याशी बोलताना दोरी ओढू नका हं." मग बायको गेली. मुलगी तेव्हा शाळेत होती, वेणीसुद्धा धड घालता येत नव्हती तिला.

बायको गेल्यावर त्याने एकच गोष्ट साहेबांच्या हातापाया पडून मागून घेतली, ती म्हणजे मुक्कामाची गाडी. ही गाडी दुपारी मोठ्या शहरातून निघायची, डोंगराच्या कडेकडेने धक्के खात संध्याकाळी त्याच्या गावी पोचायची, रात्रभर पाण्याच्या टाकीजवळ उभी राहायची आणि सकाळी परत शहराकडे निघायची. बाकीच्या कंडक्टरांना ही ड्यूटी म्हणजे शिक्षा वाटे, कारण परक्या गावात बसच्या बाकड्यावर झोपावं लागे. याचं मात्र घरच तिथे. ड्रायव्हर बसमध्ये घोरायचा आणि हा घरी येऊन मुलीची दप्तरं-डबे आवरायचा. सकाळी तिला आक्काकडे सोपवायचं आणि दोन घंट्या मारायच्या.

आक्का म्हणजे त्याची थोरली बहीण, समोरच्याच घरात राहणारी. जिभेला हाड नाही, पण भाचीसाठी जीव टाकायची.

त्या गाडीचा एक गुण होता आणि तो तिच्या वेळापत्रकातच होता. संध्याकाळी ती आली की सकाळपर्यंत गावातून परत जायला दुसरं काहीच नसे. त्यामुळे जो कोणी त्या गाडीने आला तो राहिला. पाहुण्याने "निघतो आता" म्हणायचं नाही आणि यजमानाने "राहा की" म्हणायचं नाही, दोघांच्याही तोंडची वाफ वाचे. बायकोशी भांडून तिला न्यायला आलेला जावई रात्री तोंड फुगवून जेवायला बसायचा आणि सकाळी त्याच बसमध्ये बायकोच्या मांडीवर पिशवी ठेवून हसत बसलेला असायचा. जाणार कुठे? रात्र काढावी लागली की माणसं गोड होतात, असं डबलबेलचं मत होतं. असे किती संसार आपल्या गाडीने सांधले ते तो रंगात आला की सांगायचा, आणि त्यातला निम्मा भाग बहुधा खराही असावा.

मुलगी मोठी झाली, शिकायला त्याच मोठ्या शहरात गेली, मग तिथेच नोकरीला लागली. दीड-दोन महिन्यांतून एखाद्या शनिवारी दुपारी ती त्याच्याच गाडीत येऊन बसायची, दाराजवळच्या एकट्या सीटवर. तो तिचं तिकीट फाडायचा आणि पैसे स्वतःच्या खिशातून टाकायचा. "पोटची पोर असली तरी फुकट नाही हं," असं चार प्रवाशांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायचा, कारण चार प्रवाशांना ती आपली पोर आहे हे कळायला हवं असायचं. सुट्टी जोडून आली की ती चार-चार दिवस राही. सकाळी उशिरा उठे, आक्काकडे जाऊन गप्पा छाटत बसे, आणि घरातल्या प्रत्येक खोलीत तिचा एकेक केसांचा चाप पडलेला असे.

त्याच सुमारास गावात रेल्वेची मापं घेणारी माणसं आली. पाण्याच्या टाकीजवळ त्यांनी लाल डोक्याच्या खुंट्या ठोकल्या. बापलेक ते बघत उभे होते. मुलगी भाजलेल्या शेंगा खात होती. खाता खाता म्हणाली, "रेल्वे आली ना बाबा, की मी इथूनच नोकरीला जाईन-येईन. ती भाड्याची खोली कुणाला हवीय!" आणि टरफलं झटकून मोकळी झाली.

डबलबेलने मात्र ते वाक्य जपून ठेवलं.

तो निवृत्त झाला तेव्हा फंडाची जी रक्कम हाती आली ती सगळी त्याने घराच्या डोक्यावर घातली. खाली दोन खोल्या होत्या त्यावर एक अख्खा मजला चढवला. मोठी खोली, छोटं स्वयंपाकघर, न्हाणीघर, आणि बाहेरून वेगळा जिना, म्हणजे लेकीला उद्या नवरा-बिवरा झाला तर त्यालाही सासऱ्याच्या तोंडासमोरून रोज जायला नको. गवंड्याने विचारलं, "काका, भाडेकरू ठेवणार?" तेव्हा याने असं बघितलं की गवंडी पुन्हा त्या वाटेला गेला नाही.

खुंट्या ठोकल्या म्हणजे रेल्वे आली असं नसतं. वर्षं गेली. पण गल्ली तेवढ्यानेच पिसाळली होती. खुंट्या टाकीजवळ, म्हणजे स्टेशनही टाकीजवळ, म्हणजे आपल्या गल्लीच्या तोंडाशी, हे गणित प्रत्येकाने मनातल्या मनात सोडवलं आणि जो तो विटा आणायला धावला. कुणी गच्ची झाकली, कुणी गोठ्याला फरशी बसवली. आक्काने तर परसात एकाला एक लागून चार खोल्या काढल्या, प्रत्येकीत एक खिडकी आणि ती खिडकी पुढच्या खोलीच्या भिंतीवर उघडणारी.

"उजेड कुठून येणार यात?" डबलबेलने विचारलं.

"उजेडाचं काय करायचंय? सकाळी गाडीने जाणार, रात्री गाडीने येणार. झोपायला अंधारच लागतो," आक्का म्हणाली.

मग रेल्वे आली, आणि स्टेशनचं दार उघडलं ते रुळांच्या पलीकडच्या बाजूला. अलीकडे, म्हणजे गल्लीच्या तोंडाशी, आली ती नुसती उंच सिमेंटची भिंत. ज्या बाजूला कालपर्यंत बाभळी आणि मोडक्या ट्रकांशिवाय काही नव्हतं तिथल्या जमिनीला सोन्याचा भाव आला. आक्का गच्चीवर उभी राहून त्या भिंतीला शिव्या घालायची. गाडी आली की बोलताना थांबायची, गेली की जिथे सोडलं तिथून पुढे सुरू करायची. तिच्या चार खोल्यांत कांदे ठेवले होते.

हे दोनेक वर्षं चाललं. मग लोकांनी ओरडा केल्यावर भिंतीखालून एक भुयारी रस्ता काढला, आणि एका आठवड्यात गल्लीचा नूर पालटला. कांदे बाहेर आले, भाडेकरू आत गेले. इतकी वर्षं भाडं म्हणून जे मागायलाही लोक लाजायचे त्याच्या तिप्पट आता बिनदिक्कत मागायला लागले आणि येणारे हसत द्यायला लागले, कारण शहरात त्याहून दुप्पट द्यावं लागे. आक्काने चारी खोल्या दिल्या, मग स्वतःची पुढची खोली दिली, मग मधली दिली. शेवटी स्वतः स्वयंपाकघरात झोपू लागली. "अजून ओटा रिकामा आहे, तोही दे," असं डबलबेल म्हणाला तेव्हा तिने खरोखर क्षणभर ओट्याकडे बघितलं.

कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने आपल्या टपरीवर पाटी लावली: 'खोल्या दाखवल्या जातील'. लोकांचे कपडे त्याच्याकडे येत, त्यामुळे कुणाची बदली झाली, कुणाचं लग्न ठरलं, कोण भांडून वेगळं निघालं हे त्याला सगळ्यांच्या आधी कळे. पुढे इस्त्री त्याचा भाऊ करू लागला आणि हा कानाला फोन लावून येणाऱ्या-जाणाऱ्यांना गल्लीतून फिरवू लागला. दर पंधरा दिवसांनी तो डबलबेलच्या दारात हजर.

"डबलबेल, वरच्या मजल्याचं काय ठरवलंत?"

"काही ठरवायचं नाहीये. मुलगी यायचीय."

"येईल तेव्हा येईल हो. तोवर अकरा महिन्यांचा करार करू. बँकेतला साहेब आहे, बायको आहे, आवाज नाही, पोरबाळ नाही. वेगळा जिना बघूनच खूश झाला तो."

"तो जिना तिच्यासाठी आहे."

"अहो, वेगळा जिना, भुयारी रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर! असा मजला अख्ख्या गावात नाही, आणि तुम्ही त्यात काय ठेवलंय? हवा!"

डबलबेल टेबलावर दोनदा टकटक करायचा. इस्त्रीवाला समजायचा आणि निघून जायचा, पंधरा दिवसांसाठी.

हवा ठेवली होती हे खरं नव्हतं. पलंग होता, आरसा होता, खिडकीला पडदे होते. दर रविवारी तो वर जाऊन फरशी पुसायचा, नळ थोडा वेळ सोडून ठेवायचा म्हणजे गंज धरू नये, खिडक्या उघडायचा. गल्लीतली माणसं म्हणायची, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, लक्ष्मी दाराशी उभी आणि हा कडी लावून बसलाय. तोंडावरही म्हणायची. तो हसायचा. त्याला वाटायचं, यांना काय ठाऊक, माझी पोर एकदा राहायला आली की मग बघा.

मुक्कामाची गाडी मात्र रेल्वे आली त्याच वर्षी बंद पडली. रेल्वे अर्ध्या वेळात पोचवत असताना डोंगराचे धक्के कोण खाणार? शेवटच्या दिवशी बसमध्ये ड्रायव्हर, कंडक्टर आणि एक कोंबड्यांची पाटी एवढंच होतं म्हणे. पण डबलबेलला वाईट वाटून घ्यायला फुरसत नव्हती. आपल्या गाडीच्या मुळावर आलेल्या रेल्वेचं इतक्या आनंदाने स्वागत करणारा तो जगातला एकमेव कंडक्टर असेल.

रेल्वेने मुलगी पहिल्यांदा आली तेव्हा तो गाडी यायच्या कितीतरी आधी फलाटावर जाऊन उभा राहिला. तोपर्यंत तिचं लग्न झालं होतं. नवरा शहरातलाच, भला माणूस, कमी बोलणारा. ती एकटीच आली होती. गाडीतून उतरली ती हसतच. "बाबा, काय मस्त! पुस्तक वाचता वाचता आले. ऊन नाही, धूळ नाही, उलटी नाही."

त्याने तिला वर नेलं. पडदे नवे लावले होते. ती सगळीकडे फिरली, नळ उघडून बघितला, खिडकीतून रूळ दिसतात म्हणाली. "छान केलाय हो वरचा मजला." जेवण झाल्यावर ती वर जाऊन तासभर पडली. तो खाली बसून छताकडे कान लावून होता. पलंग करकरला की त्याला बरं वाटायचं.

पाच वाजता ती तोंड धुऊन, केस विंचरून, पिशवी खांद्याला लावून खाली आली. "निघते बाबा."

"निघते?"

"सहाची मिळेल ना. आता काय, गाडी आहे. केव्हाही येता येईल."

आणि ती खरंच येऊ लागली. महिन्यातून एकदा, कधी दोनदा. सकाळच्या गाडीने यायची, जेवायची, वर तासभर पडायची, आक्काला भेटायची, संध्याकाळच्या गाडीने जायची. पूर्वी वर्षाकाठी जेवढ्या वेळा यायची त्याच्या दुप्पट वेळा यायला लागली. आक्का म्हणायची, "नशीबवान आहेस, लेक सारखी येते." तो हो म्हणायचा. पण मुलगी येऊन गेली की घर जसं होतं तसंच राही. अंथरूण विस्कटलेलं नाही, रात्रीचं दुसरं ताट नाही, सकाळी न्हाणीघराबाहेर ताटकळणं नाही. चापसुद्धा विसरून जात नव्हती आता. माणूस आलंय आणि गेलंय एवढंच, राहिलं नाही.

त्याला सगळं कळत होतं. पण विचारता येत नव्हतं. हजारो लोकांना रोज "कुठे जायचंय?" म्हणून विचारणाऱ्या त्या माणसाला आपल्या पोरीला "कधी राहायला येतेस?" एवढं विचारायला जीभ उचलेना. विचारलं आणि ती नाही म्हणाली तर? न विचारता निदान वरचा मजला तरी तिचा होता. ती स्वतः त्याला 'वरचा मजला' म्हणायची. 'माझी खोली' असं तिच्या तोंडून एकदाही आलं नाही, आणि तेच ऐकायला तो टपलेला असायचा.

असंच चालत राहिलं असतं, पण एकदा ती आली तीच गप्प गप्प. जेवताना घास फिरवत राहिली. वर पडायलाही गेली नाही.

"काय झालं ग? घरी बरं आहे ना?"

"बरं आहे. घरमालकाने सोडायला सांगितलंय खोली. आमच्या तिथेही नवीन स्टेशन होतंय ना, त्याला आता दुप्पट देणारे मिळतायत." तिने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "आम्ही घर घ्यायचं ठरवलंय बाबा. तिथेच. छोटंसं आहे. दोघांच्या ऑफिसला जवळ. पण हप्ता झेपत नाही पूर्ण. थोडे पैसे कमी पडतात."

डबलबेल पुढे सरकून बसला. त्याला वाटलं, आली वेळ. आता विचारायलाच हवं. "मग घर कशाला घेता? इथे या की! अख्खा मजला आहे. गाडी आहे. तू म्हणाली होतीस ना."

"मी? काय म्हणाले होते?"

"रेल्वे आली की मी इथूनच जाईन-येईन म्हणून."

"कधी?"

ती आठवायचा प्रयत्न करत होती, अगदी प्रामाणिकपणे, भुवया आकसून, लहानपणी पाढा अडला की करायची तशी. तिला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. तो शेंगा, टरफलं, लाल खुंट्या सगळं सांगू शकला असता. नाही सांगितलं.

मग तिच्याच लक्षात आलं असावं. तिने मान वळवून जिन्याकडे पाहिलं, पुन्हा त्याच्याकडे पाहिलं. "बाबा, म्हणून तुम्ही इतकी वर्षं भाड्याने नाही दिलात?"

"तसं काही नाही. चांगली माणसं मिळायला नकोत का?"

"दोन तास जायला, दोन तास यायला. घरी येऊन नुसतं झोपायचं, पुन्हा उठून पळायचं. नाही जमणार हो मला. यांनाही नाही." तिचा आवाज ओला झाला. "मी तर आज विचारायला आले होते की वरचा मजला भाड्याने दिलात तर... ते भाडं हप्त्याला लावलं असतं. पण राहू दे. मी नाही विचारलं असं समजा."

आता बघा, बापाने काय करावं? जो मजला तिने इथे राहावं म्हणून बांधला, तोच तिला तिथे कायमचं ठेवणार होता. एखाद्याने रागावून हात झटकले असते. डबलबेलला राग आला नाही, नुसतं आतून खूप दमल्यासारखं झालं. पोर आपल्याकडे काहीतरी मागते आहे, आणि तेच आपल्याकडे आहे, एवढंच त्याला दिसलं.

"विचारलंस ते बरं केलंस," तो म्हणाला आणि टेबलावर दोनदा टकटक केली. विषय संपला.

दुसऱ्या दिवशी तो स्वतः इस्त्रीवाल्याच्या टपरीवर गेला. इस्त्रीवाल्याचा फोन हातातून पडायचा राहिला. "पंधरा दिवस व्हायचेत अजून," तो म्हणाला.

"माणसं बघ. घाई नाही."

घाई नव्हती, पण संध्याकाळपर्यंत तीन जोडपी मजला बघून गेली. त्यातलं एक डबलबेलने निवडलं. त्यातली बायको दवाखान्याच्या तपासणीच्या खोलीत रक्त काढायचं काम करी, नवरा कुठल्याशा कचेरीत. दोघंही सकाळी गाडी धरायला भुयारी रस्त्याकडे पळत आणि दिवेलागणीला परत येत. भाडं थेट लेकीच्या खात्यात जमा व्हायचं. पलंग, आरसा, पडदे त्यांना आवडले म्हणून तसेच ठेवले. पहिल्या रात्री छतावर चालण्याचा आवाज आला आणि डबलबेल उठून बसला. मग त्याला कळलं कोण ते, आणि पुन्हा आडवा झाला. झोप काही लागली नाही. त्या पावलांचा त्याला हेवा वाटला आणि त्या दोघांचा काही दोष नाही हेही वाटलं.

मुलगी त्यानंतर मधे एक महिना आली नाही. घर लावायचं होतं, सामान न्यायचं होतं. फोनवर ती खुशीत असायची. बाल्कनी आहे म्हणाली, बाल्कनीत दोन खुर्च्या बसतात म्हणाली. आवाज ऐकून त्याला समाधान वाटायचं आणि फोन ठेवला की घर जास्तच मोठं वाटायचं.

मग एका रविवारी ती आली. सकाळच्या गाडीने, नेहमीसारखी. नव्या घराचे फोटो दाखवले, आक्कालाही दाखवले. आक्काने बाल्कनी बघून विचारलं, "ही बंद करून भाड्याने देता येईल का?" सगळे हसले. जेवण झालं. हात पुसून, जांभई देत ती मागच्या दाराने बाहेर पडली आणि जिना चढू लागली.

डबलबेल ताटं उचलत होता. तिला अडवावं हे त्याच्या ध्यानातच आलं नाही, कारण त्याच्याही डोळ्यांना ते इतकं सवयीचं होतं. मग पावलं मध्येच थांबल्याचं ऐकू आलं. तो बाहेर आला. ती वरच्या पायरीवर उभी होती. दाराबाहेर दोन जोड चपला होत्या, दोरीवर परक्या माणसांचे कपडे वाळत होते, आणि आतून कुणाच्या तरी हसण्याचा आवाज येत होता. ती बराच वेळ तशीच उभी राहिली. मग खाली आली आणि शेवटच्या पायरीवर बसली.

"माझी खोली गेली, बाबा," ती म्हणाली.

इतकी वर्षं ज्या दोन शब्दांसाठी त्याने नळ सोडले, खिडक्या उघडल्या, फरश्या पुसल्या, ते दोन शब्द आज आले. ताट हातातच होतं. "तुझीच आहे ग," तो म्हणाला. "तुझ्याच घराला लागतेय."

"हो. मीच मागितलं. मला माहितीये मीच मागितलं." ती डोळे पुसत होती. "पण पाय आपोआप वर गेले."

ती दुपार तिने खालीच काढली, त्याच्या खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. झोपली की नुसती पडली ते त्याने पाहिलं नाही. चहा झाला. पाच वाजले. तिने केस विंचरले, पिशवी खांद्याला लावली. तो नेहमीसारखा पोचवायला निघाला. गल्लीत माणसांचा नुसता लोट होता, सुट्टीहून परतणारी, खोल्या बघायला आलेली. इस्त्रीवाला कुणाला तरी आक्काचं घर दाखवत होता. दोघं भुयारी रस्त्याच्या तोंडाशी आले. आतून गार वारा येत होता. गाडीची सूचना ऐकू आली.

मुलगी थांबली. "बाबा, आज राहू का?"

आणि डबलबेलच्या तोंडून काय निघावं? "कुठे झोपशील?"

निघाल्याबरोबर त्याने जीभ चावली. जन्मात इतका मूर्खासारखा प्रश्न त्याने कुणाला विचारला नसेल. पण ती हसली.

"खाली. तुमच्याजवळ. सकाळच्या पहिल्या गाडीने थेट कामावर जाईन."

त्याने तिच्या खांद्यावरची पिशवी काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि वळला. परत येताना तो इतका भराभर चालत होता की तिला त्याच्यामागे पळावं लागलं. वाटेत दोघातिघांनी विचारलं, गाडी चुकली का? तो थांबला नाही. घरी आल्यावर त्याने तिला बसवलं, दिवा लावला, अंडी आहेत का बघितलं, आणि मग खोलीच्या मधोमध उभा राहून चारी बाजूंना पाहिलं. एक खाट, एक गादी, एक उशी. दुसरं काहीही नव्हतं. जे होतं ते सगळं वर गेलं होतं.

तो मागच्या दाराने बाहेर पडला, जिना चढला, आपणच बसवलेल्या दारावर आपणच बोटाच्या पेराने वाजवलं. भाडेकरू मुलीने दार उघडलं. तिला वाटलं काहीतरी बिघडलंय, कारण म्हाताऱ्याचा चेहरा लाल झाला होता आणि त्याला दम लागला होता.

"काय झालं काका?"

"काही नाही," तो म्हणाला. "एखादी जास्तीची गादी असेल का तुमच्याकडे? मुलगी आलीय माझी. आज राहणार आहे."